शेतावरचं जेवण : पाहुणा की गिऱ्हाईक?

या मालिकेत आपण आतापर्यंत कर्तव्य, हक्क, स्वातंत्र्य असे भारदस्त शब्द घेतले. आज त्या मानाने साधा प्रसंग घ्यायचा आहे. डिसेंबर-जानेवारी आला की शहरातली मंडळी गाड्या काढतात आणि एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या शेतावर जातात. माणशी ठरलेले पैसे देतात, हुरडा खातात, पिठलं-भाकरी जेवतात, बैलगाडीत बसतात आणि संध्याकाळी परत येतात. यात तत्त्वज्ञान कुठून आलं, असं कोणी विचारेल. आमच्या मते ते एका छोट्या प्रश्नात आहे. त्या शेतावर आपण पानावर बसतो, तेव्हा आपण कोण असतो? पाहुणे की गिऱ्हाईक?

प्रश्न शब्दांचा वाटतो, पण बघा, पाहुण्याला जे मागता येत नाही ते गिऱ्हाइकाला मागता येतं. आणि गिऱ्हाइकाला जे मिळत नाही ते पाहुण्याला न मागता मिळतं. दोघांचे हक्क वेगळे, जबाबदाऱ्याही वेगळ्या. आपण कोण आहोत हे न ठरवता गेलो, की दोन्हीकडचे हक्क तेवढे उचलतो आणि दोन्हीकडच्या जबाबदाऱ्या बांधावर ठेवून येतो. शेतावरच्या पुष्कळशा कुरबुरी, आपल्या आणि त्यांच्याही, इथूनच निघतात.

आधी थोडी माहिती

शेती चालू ठेवून शेतावर पाहुणे घ्यायचे, या प्रकाराला आपल्याकडे कृषी पर्यटन हे नाव रुळलं आहे. नेरळजवळची भडसावळे कुटुंबाची सगुणा बाग यातलं जुनं नाव. २००५ साली पांडुरंग तावरे यांनी बारामती भागात काम सुरू केलं आणि पुढे इतर जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांनाही या वाटेवर आणलं. २०२० साली राज्य सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. आता अशा केंद्रांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी होते. म्हणजे गेल्या काही दशकांत एक जुनीच गोष्ट व्यवसाय झाली.

त्या व्यवसायातला आपल्या देशावरचा, म्हणजे पुणे, नगर, सोलापूर या भागातला ठळक प्रसंग म्हणजे हुरडा. हुरडा खाल्लेले इथे सगळेच असतील. पण त्याचं वेळापत्रक पुढच्या विचाराला लागणार आहे, म्हणून ते नीट सांगतो.

रब्बी ज्वारी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरतात. कणीस बाहेर पडतं, फुलोरा होतो, दाणा भरू लागतो. सुरुवातीला दाणा बोटांत दाबला तर दूध येतं. मग ते दूध घट्ट होत जातं, चीक धरतो. दाणा भरलेला आहे पण अजून हिरवा आणि मऊ आहे, तेव्हा तो हुरड्याला येतो. या वेळी त्यात साखर असते. पुढे त्या साखरेचं पिष्ट होतं, गोडी जाते, दाणा कडक होतो आणि त्याची ज्वारी होते. ही मधली अवस्था एका कणसाला काही दिवसच लाभते. म्हणून ज्याला महिना-दीड महिना हुरडा द्यायचा असतो तो शेतकरी सगळं रान एका दिवशी पेरत नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने टप्प्याटप्प्याने पेरतो. गूळभेंडी, सुरती या हुरड्याच्या जुन्या जाती. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने फुले उत्तरा, फुले मधुर असे वाण खास हुरड्यासाठी काढले. त्यांचा दाणा गोड असतो आणि कणसातून सहज सुटतो.

कणीस सकाळी कापायचं आणि त्याच दिवशी भाजायचं, कारण कापल्यावर गोडी उतरायला लागते. गोवऱ्यांची आगटी पेटवायची, निखाऱ्यात कणसं खुपसायची, भाजली की बाहेर काढून गरम असतानाच तळहातावर चोळायची, फोलपट पाखडायचं आणि ताटलीत द्यायचं. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, बोरं. खाणाऱ्याला हा खेळ वाटतो. दिवसभर दोनशे माणसांसाठी कणसं चोळणाऱ्याच्या तळव्यांकडे एकदा पाहावं.

आणखी एक बारीक हिशेब. ज्या कणसाचा हुरडा झाला त्याची भाकरी होत नाही. खाली ताटं राहतात, जनावरांना चारा मिळतो, पण धान्य गेलं. म्हणजे हुरडा खाऊ घालणारा शेतकरी आपल्या कणगीतलं आधी काढून देत असतो. हे तो पूर्वीही करायचा. पण तेव्हा पैसे घेत नव्हता.

रिकामं भांडं परत करू नये

पूर्वी म्हणजे कसं? रानात आगटी पेटली की वाटेवरून जाणाऱ्याला हाक जायची. शेत नसलेल्या शेजाऱ्याला, गावातल्या मास्तरांना, लेकीच्या सासरच्यांना निरोप जायचा. लातूर, धाराशिव, सोलापूर या भागात तर हा रिवाज सणाच्या रूपात आजही जिवंत आहे. मार्गशीर्षातली वेळ अमावास्या, तिकडच्या बोलीत येळवस. कडब्याची कोप उभारतात, पाच दगडांचे पांडव मांडून पूजा करतात, रानात आंबील शिंपतात. आणि मग जेवण. पालेभाज्या आणि ओल्या शेंगांची भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील, गव्हाची खीर. आपली भजी वेगळी आणि ही भज्जी वेगळी, हे पुणेकरांनी लक्षात ठेवावं. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात. ज्यांना शेत आहे ते आपल्या शेतावर, आणि ज्यांना नाही ते बोलावणाऱ्याच्या शेतावर. कितीतरी वर्षी जिल्हा प्रशासन स्थानिक सुट्टी देतं. शेतावरचं जेवण आणि शेतावरचा कार्यक्रम ही कल्पना आपल्याकडे कुणी बाहेरून आणलेली नाही.

या जुन्या व्यवहारात पैसे नव्हते, म्हणजे देवाणघेवाण नव्हती का? होती. आपल्या घरांतला एक नियम आठवा. शेजारून वाटीभर काही आलं, तर वाटी रिकामी परत करायची नाही. निदान चिमूटभर साखर घालून द्यायची. मार्सेल मॉस नावाच्या फ्रेंच विचारवंताने १९२५ साली देणगी या विषयावर एक प्रबंध लिहिला. जगभरच्या समाजांचे रिवाज पाहून त्याने तीन बंधनं दाखवली. देणं, घेणं आणि परत देणं. देणगी फुकट दिसते, पण ती माणसांना बांधते. आपल्या आज्यांना मॉस ठाऊक नव्हता, वाटीतली साखर ठाऊक होती. वाटी परत जाते, म्हणून नातं चालू राहतं.

पैशाचं काम याच्या उलट आहे. पैसे दिले की हिशेब मिटतो. आपण कोणाचं देणं लागत नाही आणि मोकळे होतो. शेतावर जाऊन पैसे दिले, जेवलो, उठलो. वाटी परत करायचा प्रश्नच राहिला नाही. म्हणून पुष्कळ जुने लोक हळहळतात, की पैसा आला आणि पाहुणचार गेला.

पैशाने काय बिघडलं आणि काय सुधारलं

ही हळहळ आम्हाला समजते, पण ती पूर्ण पटत नाही. दोन कारणं सांगतो.

पहिलं कारण जातीचं. जुन्या पाहुणचाराचं आपण फार गोड चित्र काढतो. त्या पंगतीत सगळे एका ओळीत बसत होते का? कोणाचं पान आत, कोणाचं ओसरीवर, कोणाला ओंजळीत वरून पाणी. ज्याने ते रान खुरपलं, त्यालाच बांधाच्या पलीकडे बसून खावं लागायचं, अशी कितीतरी गावं होती. आता कृषी पर्यटन केंद्रावर माणशी पैसे देऊन जो येतो तो त्याच सतरंजीवर बसतो, त्याला तेच ताट मिळतं. आडनाव विचारायची सोय त्या व्यवहारात नाही. म्हणजे ज्या पैशाला आपण नात्याचा शत्रू म्हणतो, त्याने इथे एक जुनी भिंत पाडायला मदत केली. हे श्रेय नाकारणं अप्रामाणिकपणाचं होईल.

दुसरं कारण बाईचं. पाहुणा आला की घरधन्याने या, बसा म्हणायचं आणि घरातल्या बाईने चुलीपुढे बसायचं. दानशूर म्हणून नाव त्याचं आणि धूर तिच्या डोळ्यांत. तिच्या कामाची किंमत कोणी केली नव्हती, कारण ते प्रेमाचं काम होतं. आज तेच जेवण विकलं जातं तेव्हा निदान प्रश्न तरी विचारता येतो, की यातले पैसे तिच्या हातात जातात का? काही ठिकाणी जातात. बचत गटाच्या बायका स्वयंपाकाचं काम घेतात आणि मजुरी वाटून घेतात. काही ठिकाणी सूनबाई पहाटे चारला उठून शंभर भाकऱ्या थापते आणि पैसे सासऱ्यांच्या खात्यात जमा होतात. शेतावरच्या जेवणाला चांगलं म्हणायचं की नाही, ते ठेच्याच्या तिखटपणाइतकंच या गोष्टीवरही ठरतं, असं आमचं मत आहे.

आणि चुलीवरून आठवलं. पुष्कळशा शेतकरी घरांत आता रोजचा स्वयंपाक गॅसवर होतो. चूल पेटते ती आपण येणार म्हणून. आपल्याला चुलीवरची भाकरी हवी असते. चव वेगळी असते हेही खरं. पण ज्या धुरातून ती बाई सुटली होती त्या धुरात आपण तिला शनिवार-रविवारी परत बसवतो, आणि वर तिचा फोटो काढतो. चूल उघड्यावर, वाऱ्याच्या दिशेने मांडली आहे का, एवढं तरी आपण पाहावं.

तेव्हा पैसे घेणं-देणं यात वाईट काही नाही. प्रश्न पुढचा आहे. पैशाने आपण नेमकं काय विकत घेतो?

किंमत कशाची

कान्टने १७८५ साली एका ग्रंथात एक भेद केला, तो इथे उपयोगी पडतो. काही गोष्टींना किंमत असते, म्हणजे तिच्या जागी बरोबरीची दुसरी वस्तू ठेवता येते. आणि काही गोष्टींना प्रतिष्ठा असते, त्यांच्या जागी दुसरं काही ठेवता येत नाही. तो माणसाविषयी बोलत होता. आपण हा भेद शेतावरच्या दिवसाला लावून पाहू.

ताटातली भाकरी, बसायची सावली, पिण्याचं पाणी, स्वच्छतागृह, मुलांची सुरक्षितता या गोष्टींची किंमत आपण दिलेली असते. त्यांच्याबाबत आपण सरळ गिऱ्हाईक आहोत, आणि तसं वागण्यात संकोच नको. पाणी गढूळ असेल, विहिरीला कठडा नसेल, सांगितलेल्या दरापेक्षा जास्त पैसे मागितले असतील, तर तक्रार करावी. अन्न विकणाऱ्याला २००६ चा अन्नसुरक्षेचा कायदा लागू आहे, शेतकऱ्यालाही. घरगुती आहे, चालायचंच, असं म्हणून अस्वच्छता पोटात घालणं हा मोठेपणा नाही.

पण शेतावरून परतलेल्या मंडळींच्या तक्रारी ऐका. त्यात दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी मिसळलेल्या असतात. गोठ्याजवळ माश्या होत्या. वाटेत धूळ फार. हुरडा दुपारी संपला. आम्ही फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर दाणा जून झाला होता. तिसऱ्या प्रकारच्याही असतात. बैलगाडीच्या दोनच फेऱ्या झाल्या. आजीबाई ओव्या म्हणणार होत्या, त्या आल्याच नाहीत. गाणी मोठ्याने लावू दिली नाहीत.

पहिल्या प्रकारच्या तक्रारी न्याय्य आहेत. दुसऱ्या प्रकारच्या तक्रारी ऋतूविरुद्ध आहेत, आणि ऋतूशी आपला करार झालेला नसतो. तिसऱ्या प्रकारच्या तक्रारी मात्र विचार करायला लावतात, कारण त्या जिवंत प्राण्यांविषयी आणि माणसांविषयी आहेत. बैल दमतो. आजीचा गुडघा दुखतो. शेजारच्या वस्तीवर कुणाकडे तरी सुतक असतं. आपण पैसे दिले ते दिवसभराच्या सोयीचे. बैलाची इच्छा आणि आजीचा आवाज त्या पावतीत नव्हता.

इथे आम्हाला मुख्य मुद्दा मांडायचा आहे. जे शेत आपल्याला कधीकधी 'नाही' म्हणू शकतं तेच शेत आहे. हुरडा संपला, आता नाही. बैल दमलेत, आता नाही. उद्या उसाला पाणी द्यायची पाळी आहे, वीज रात्रीची आहे, म्हणून उद्या पाहुणे नाहीत. या नकारामागे प्रत्येक वेळी एक चालतं काम असतं. ज्याला नकार देताच येत नाही त्या जागेचं हळूहळू हॉटेल होतं, नाव कितीही गावरान ठेवलं तरी.

हे कसं होतं तेही पाहू. वाईट माणसांमुळे होतं असं नाही. पाहुणे विचारतात, मार्चमध्ये हुरडा मिळेल का? गोठवलेला हुरडा आता बाजारात मिळतो. तो आणून भाजायला काय हरकत, असं वाटतं. मुलं पिठलं खात नाहीत, पनीर ठेवा. पनीर आलं. वाढदिवसाला हिरवळ हवी. ज्वारीचा एक तुकडा कमी करून हिरवळ लावली, तिला रोज पाणी लागतं. मग लग्नाचे मुहूर्त. त्यासाठी मंडप, त्यासाठी वाहनतळ. दर वेळी मागणी छोटीच असते, आणि शेतकऱ्याला कर्जाचा हप्ता असतो, म्हणून तो हो म्हणतो. दहा वर्षांनी तिथे ज्वारी उरत नाही. आणि मग तीच मंडळी म्हणतात, पूर्वीची मजा राहिली नाही हो, सगळं कमर्शियल झालं. ते कोणाच्या मागणीने झालं, हा हिशेब कोणी मांडत नाही.

इटलीने घातलेली मर्यादा

हा धोका इटलीत फार आधी ओळखला गेला. तिथे शेतावर मुक्काम आणि जेवण देण्याचा रिवाज मोठा आहे. त्यासाठी १९८५ साली देशाचा कायदा झाला आणि २००६ साली तो नव्याने केला. त्या कायद्याचं सूत्र असं, की शेती हे मुख्य काम राहिलं पाहिजे आणि पाहुणे हे तिला जोडलेलं काम. शेती मुख्य आहे हे कसं ठरवायचं? मिळकतीवर बोट न ठेवता तिथे विशेष भर दिला आहे तो कामाला लागणाऱ्या वेळावर. कुटुंबाचा वेळ रानात जास्त जातो की पाहुण्यांमागे? आणि एकावेळी दहापर्यंतच पाहुणे असतील तर शेती मुख्य आहे असंच धरलं जातं. ताटात वाढलेल्या पदार्थांत स्वतःच्या शेतातला आणि त्या परिसरातला माल किती, याचेही नियम तिथले प्रांत ठरवतात.

वेळ हे माप आम्हाला फार शहाणपणाचं वाटतं. पैशाच्या मापाने पाहिलं तर कोरडवाहू शेती पाहुण्यांपुढे पहिल्याच वर्षी हरेल. एका रविवारच्या पाहुण्यांकडून जे येतं ते पिकातून कधी महिनोन्महिने येत नाही. पण सकाळ-संध्याकाळ तो माणूस कुठे उभा असतो, यावरून तो शेतकरी आहे की नाही ते कळतं.

माणसाला आणि मागणीला

आता एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच परंपरेतून येईल. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत गुरू शिष्याला निरोप देताना आई, वडील आणि आचार्य यांच्या बरोबरीने अतिथीला देव मानायला सांगतो, हे सर्वांना पाठ आहे. मग शेताने नाही म्हणावं, हे कसं बसतं?

त्याच उपनिषदाची शेवटची वल्ली, भृगुवल्ली, आपण सहसा वाचत नाही. तिथे अन्नाचा विचार आहे. दारी आलेल्या कोणालाही परत पाठवू नये, हे व्रत तिथे सांगितलं आहे. आणि लगेच पुढे असं येतं, की म्हणून पुष्कळ अन्न मिळवावं. हा 'म्हणून' महत्त्वाचा आहे. अतिथीला न परतवण्याचं व्रत अन्न पिकवण्याच्या कामावर उभं आहे. पाहुण्यांच्या हौसेपायी पिकवणंच थांबलं, तर व्रताचा पायाच काढून घेतला.

शिवाय तिथे नकार द्यायला मनाई आहे ती आलेल्या माणसाला. त्याची प्रत्येक मागणी पुरवावी, असं तिथे म्हटलेलं नाही. माणसाला नाही म्हणू नये, मागणीला म्हणता येतं. हुरडा संपला असेल तर शेतकरी पाहुण्याला उपाशी पाठवत नाही. ताक देतो, भाकरी देतो, पेरू काढून देतो. घरात जे आहे त्यात पाहुण्याचा वाटा असतो. घरात जे नाही ते बाजारातून आणून आपलंच म्हणून दाखवणं, हा पाहुणचार नव्हे.

कान्टनेही १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात अशीच रेघ ओढली होती. परक्या भूमीवर आलेल्या माणसाला शत्रू म्हणून वागवलं जाऊ नये, हा त्याचा हक्क. त्याला तो भेटीचा हक्क म्हणतो. घरातला म्हणून राहायचा हक्क वेगळा, त्यासाठी यजमानाची खास संमती लागते. कान्ट देशांबद्दल आणि वसाहतींबद्दल बोलत होता. भेट द्यायला आलेल्यांनी मालक होऊन बसू नये, ही त्याची चिंता होती. शेतावर गेलेल्या आपल्यालाही ती लागू पडते. ओसरीपर्यंत आपण यावं. माजघरात डोकावून, झोपलेल्या म्हाताऱ्याचा फोटो काढायला संमती लागते.

मग आपण कोण?

आमचं उत्तर असं, की ताटापुरते आपण गिऱ्हाईक आणि बांधापुरते पाहुणे. ताटाचे पैसे मोजून द्यावे आणि मोजून मागावे. बांधावर मात्र यजमानाचा शब्द चालतो.

व्यवहारात याचं काय करायचं? जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. आत्ता रानात काय आहे? स्वयंपाक कोण करतं? एकावेळी किती माणसं घेता? पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'तुम्हाला हवं ते सगळं' असं आलं तर सावध व्हावं. 'हुरडा अजून आठ दिवसांनी येईल, तेव्हा या' असं सांगणाऱ्याकडे नक्की जावं.

तिथे गेल्यावर पानात टाकू नये. ओळीने मांडलेल्या भांड्यांतून आपण हाताने वाढून घेतो तेव्हा जास्त घेतो, कारण आग्रह करायला कोणी नसतं. पंगतीतला आग्रह म्हणजे एक मापच असतं. वाढणारी तुमच्याकडे बघून वाढते. शक्य असेल तिथे पंगत मागावी.

पैसे देऊन हिशेब मिटतो, असं आम्ही म्हणालो. पण वाटी परत करायची असेल तर एक मार्ग आहे. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये निघते. ज्या घरी हुरडा खाल्लात त्या घरून वर्षाची ज्वारी घ्या. चार माणसांच्या घरात रोज एकवेळ भाकरी होत असेल तर वर्षाला क्विंटलभर सहज लागते. हुरड्याच्या पैशावर शेतकरी पाहुणे घेत राहील. ज्वारीच्या पैशावर तो ज्वारी पेरत राहील. दोन्ही लागतात.

इथे समोरून एक चिठ्ठी आली आहे. विचारलंय, 'नाही म्हणणाऱ्या शेतावर पाहुणे जातील का? धंदा कसा चालेल?' प्रश्न बरोबर आहे, आणि तो शेतकऱ्याच्या पोटाचा आहे, म्हणून गोड बोलून टाळणार नाही. सगळे जाणार नाहीत. ज्यांना लग्नाची हिरवळ हवी ते दुसरीकडे जातील, आणि जावं त्यांनी. पण आपण विचार करा, शंभर-दीडशे किलोमीटर गाडी चालवून आपण कशासाठी जातो? पनीर शहरात मिळतं, हिरवळ मिळते, गाणीही मिळतात. मिळत नाही ते एकच. जिथे आपल्या येण्या-न येण्याने दिवसाचं काम ठरत नाही, गाईची धार तिच्या वेळेला निघते, पाणी पाळीने सुटतं आणि दाणा त्याच्या दिवशी भरतो, अशी जागा. तीच आपल्या सोयीसाठी वाकवली, तर पुढच्या वर्षी जायला कारण उरणार नाही. शेतकऱ्याच्या नकारात त्याचा धंदाही राखला जातो, असं आम्हाला वाटतं. मात्र तो नकार त्याला परवडला पाहिजे. आणि तो परवडावा, यासाठी जूनमध्ये, पाहुणे नसताना, त्याच्या ज्वारीचं पोतं कोणाच्या तरी घरी पोचलेलं असलं पाहिजे.

वेळ झाली आहे. आणखी चिठ्ठ्या असतील तर चहाच्या वेळी बोलू.